ॲम्स्टरडॅमचे कालवे : स्थलनामांच्या साक्षीने एक जलफेरी

ॲम्स्टरडॅमच्या मध्यवर्ती रेल्वेस्थानकातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशाला समोरच्या पाण्यावर काचेच्या छताच्या बुटक्या, लांबट नौका धक्क्याला लागलेल्या दिसतात. नगराच्या जुन्या भागातील कालव्यांतून ह्या नौका सुमारे तासाभराची संथ फेरी घडवितात. प्रवाशाने स्वस्थ बसावे, दोन्ही काठांवरील विटांची घरे, त्यांचे निरनिराळ्या घाटांचे माथे आणि कमानदार पूल पाहावे व निवेदकाचे म्हणणे ऐकावे, एवढीच अपेक्षा असते. डच भाषेत ह्या फेरीस 'रोंडव्हार्ट' म्हणतात. 'रोंड' म्हणजे भोवती, आणि 'व्हार्ट' म्हणजे जलप्रवास. ज्या कालव्यातून हा प्रवास करावयाचा त्यालाही 'व्हार्ट' हाच शब्द आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू ह्या फेरीचे वर्णन करण्याचा नाही. फेरीच्या ओघात जी नावे कानांवर पडतात व काठांवरच्या पाट्यांवर वाचावयास मिळतात, त्यांचा इतिहासाचे साधन म्हणून कितपत उपयोग होतो, हे तपासून पाहावयाचे आहे. नौकेतून दिसते ती घरांची दर्शनी बाजू. निवेदनही स्वाभाविकपणे दर्शनी बाजूचेच असते. नावांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती ज्या काळी पडली त्या काळच्या गरजा, भीती आणि मालकी त्यांत गोठून राहिलेली असते, आणि पुढील पिढ्यांना त्या गोष्टी आठवणे गैरसोयीचे झाले तरी नाव सहसा कोणी बदलत नाही. मात्र स्थलनाम हा साक्षीदार थोडा चकवणाराही असतो. त्याची उलटतपासणी कागदपत्रांच्या आधारे करावी लागते. (डच शब्दांचे येथील लिप्यंतर स्थूल आहे. डच 'ग' हा वस्तुतः कंठातून घासून निघणारा, 'ख'च्या जवळचा वर्ण आहे.)

नौकेत बसून नगराविषयी बोलणे व ऐकणे ही ह्या देशातील जुनी चाल आहे. इ. स. १६३२ मध्ये ॲम्स्टरडॅम आणि हार्लेम ह्या नगरांना जोडणारा सरळ कालवा खोदण्यात आला आणि काठावरून घोड्याने ओढावयाच्या उतारू नौका त्यावर ठरलेल्या वेळी सुटू लागल्या. ह्या नौकेला 'ट्रेकस्खाउट', म्हणजे ओढण्याची होडी, असे नाव होते. वाऱ्याच्या लहरीवर अवलंबून नसलेले हे वाहन वेळापत्रकाने चालत असे, आणि पुढील काही दशकांत अशा कालव्यांचे जाळे प्रांतभर पसरले. रेल्वे येईपर्यंत सामान्य माणसाचा प्रवास बव्हंशी असाच होत असे. वेगवेगळ्या थरांतील माणसे काही तास एका छताखाली बसत व बोलत. त्या बोलण्याला 'स्खाउटप्राट्ये' (होडीतल्या गप्पा) असा शब्द रूढ झाला, आणि संवादरूपाने लिहिलेल्या राजकीय पत्रकांनाही तेच नाव मिळाले. आजही डचमध्ये बोलावयास आरंभ करणे ह्या अर्थी 'काठापासून होडी लोटणे' असा वाक्प्रचार आहे. आधुनिक फेरीतील निवेदन हे ह्या गप्पांचेच एकतर्फी रूप होय. फरक इतकाच, की उतारूला आता उलट बोलता येत नाही.

आता मूळ शब्दाकडे वळू. नगरातील कालव्याला डचमध्ये 'ग्राख्त' म्हणतात. हा शब्द 'ग्राव्हेन' (खणणे) ह्या धातूपासून आला आहे, आणि त्याचे जुने रूप 'ग्राफ्ट' असे होते. सतराव्या व अठराव्या शतकांतील नकाशांवर 'हेरे ग्राफ्ट', 'कैझर्स ग्राफ्ट' अशी रूपे सर्रास आढळतात. 'फ्ट'चा 'ख्त' होणे हा डच भाषेतील एक ठळक ध्वनिविकार आहे. जर्मन 'क्राफ्ट' (बल) तेथे डच 'क्राख्त', जर्मन 'लुफ्ट' (हवा) तेथे डच 'लुख्त'. इंग्रजी 'आफ्टर' ह्या शब्दाचे डच भावंड 'आख्तर' आहे, परंतु त्याचा अर्थ 'मागे' असा स्थलवाचक आहे. हा शब्द पुढे आपल्याला दोनदा भेटणार आहे. खणणे ह्या क्रियेवरून खणलेल्या जागेला नाव पडणे आपणांस अपरिचित नाही. मराठीतील 'खंदक' हा शब्द अरबी-फारसीतून आला, पण त्याचे मूळ 'खणलेले' ह्या अर्थाच्या मध्य-इराणी रूपात आहे आणि तो धातू संस्कृत 'खन्'चा सगोत्र आहे. म्हणजे 'खणणे' आणि 'खंदक' हे मराठीत दोन वेगळ्या वाटांनी येऊन पुन्हा शेजारी बसले आहेत. 'ग्राख्त' हाही प्रथम खंदकच होता. शोभेसाठी तो कोणी खणला नव्हता.

नगराचे नाव एका बांधावरून पडले. ॲम्स्टेल नदीच्या मुखाशी घातलेल्या बांधाजवळ राहणाऱ्या लोकांना हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस याने जकातीतून सूट दिल्याचे २७ ऑक्टोबर १२७५ चे लॅटिन पत्र उपलब्ध आहे. नगराच्या नावाचा हा सर्वांत जुना उल्लेख. वस्ती वाढली तसे तिच्या दोन्ही अंगांना मातीचे तट आणि त्यांलगत चर आले. तटाला 'बुर्गवाल' म्हणत. पुढे तटाच्या मागे आणखी एक चर खणण्यात आला, तेव्हा पहिल्याला 'व्होरबुर्गवाल' (तटापुढील) व दुसऱ्याला 'आख्तरबुर्गवाल' (तटामागील) अशी नावे मिळाली. तट गेला. पाणी मात्र राहिले, आणि तटाचे नाव त्या पाण्याला चिकटले. नौकेतून जाताना मार्गदर्शक ज्याला कालवा म्हणून दाखवितो त्याच्या पाटीवर 'तट' लिहिलेले असते, ही विसंगती कोणाही डच माणसाला जाणवत नाही. भाषेत अशा विसंगती फार काळ सुखाने नांदतात. क्लोव्हेनीर्सबुर्गवाल हे नाव तर एका शस्त्राची आठवण ठेवून आहे. फ्रेंचमधील 'कुलव्हरीन' ह्या बंदुकीच्या नावावरून बंदूकधारी नागरी पथकाला 'क्लोव्हेनीर' म्हणत. त्यांच्या सभागृहासाठी रेम्ब्रांटने १६४२ साली पूर्ण केलेले चित्र पुढे 'रात्रीचा पहारा' म्हणून प्रसिद्धी पावले. ह्याच कालव्यावर ट्रिप बंधूंचा प्रासाद आहे (१६६०–६२). त्याची धुराडी उखळी तोफांच्या आकाराची आहेत. ट्रिप हे शस्त्रास्त्रांचे व्यापारी होते आणि ते त्यांनी लपविलेही नाही.

पंधराव्या शतकात नगराच्या पश्चिमेस खणलेला खंदक 'सिंगेल' ह्या नावाने ओळखला जातो. हा शब्द लॅटिन 'चिंगुलुम' (कमरपट्टा) ह्याचा वंशज. १५८५ नंतर नगर ह्या कमरपट्ट्याबाहेर वाढले आणि खंदकाचा कालवा झाला. सिंगेलवरील टोरेनस्लाउस हा नगरातील सर्वांत रुंद जुना पूल १६४८ मधला आहे. 'टोरेन' म्हणजे बुरूज. तो बुरूज १८२९ मध्ये पाडला, तरी पुलाखालची कोठडी अजून आहे. 'स्लाउस' म्हणजे खरे पाहता पाणी अडविण्याचे व सोडण्याचे दार, परंतु ॲम्स्टरडॅमच्या बोलीत दगडी कमानीच्या पुलालाही 'स्लाउस' म्हणतात. परका प्रवासी येथे दार शोधू लागला तर ते त्याला सापडणार नाही. खरी दारे इतरत्र आहेत. त्यांच्याशी निगडित एक गोष्ट येथे नोंदविण्याजोगी आहे. गणितज्ञ व नगराध्यक्ष योहानेस हुडे याने सतराव्या शतकाच्या नवव्या दशकात नगरातील जलद्वारांत संगमरवराचे आठ शिलालेख बसवून पाण्याची पातळी मोजण्याची एक निश्चित रेषा कोरविली. पश्चिम युरोपातील अनेक देशांत उंची मोजण्यासाठी आज वापरली जाणारी 'ॲम्स्टरडॅमची पातळी' ही तिचीच परंपरा होय.

फेरीचा मुख्य भाग ज्या तीन समकेंद्री कालव्यांतून जातो, ते हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त व प्रिन्सेनग्राख्त हे १६१३ पासूनच्या नगरविस्तारातील आहेत. (हेरेनग्राख्तच्या जागी त्यापूर्वीच्या विस्तारातला खंदक होता.) १६६० नंतरच्या विस्तारात ते ॲम्स्टेल नदीपर्यंत व तिच्या पलीकडे नेण्यात आले. १६७२ साली फ्रान्स व इंग्लंड ह्यांनी एकाच वेळी युद्ध पुकारले आणि पूर्वेकडील भूखंडांना गिऱ्हाइके मिळेनाशी झाली, म्हणून हे वर्तुळ त्या अंगाला अपुरेच राहिले. २०१० मध्ये युनेस्कोने ह्या भागाचा जागतिक वारशात समावेश केला. निवेदनात ह्या रचनेचे वर्णन बहुधा दूरदृष्टीचा नमुना म्हणून येते, आणि ते खोटे नाही. परंतु दूरदृष्टी कोणाची, हाही प्रश्न विचारला पाहिजे. नगराध्यक्ष फ्रान्स औटगेन्स व त्याचा आप्त बार्थोल्ड क्रोमहाउट ह्यांनी विस्ताराच्या योजनेचा सुगावा आधीच असल्यामुळे तटाबाहेरच्या जमिनी घेऊन ठेवल्या होत्या. त्यांचा सहकारी सी. पी. होफ्ट ह्याने नगरसभेत ह्याला कडाडून विरोध केला. हा होफ्ट म्हणजे प्रसिद्ध कवीचा पिता. त्याचे निषेध लेखी राहिले म्हणून आपणांस हे ठाऊक आहे. काठावरच्या दगडी दर्शनी भिंतींतून ते कळण्याचा संभव नाही.

तीन नावांपैकी कैझर्सग्राख्त हे सम्राट मॅक्सिमिलियनवरून पडले आहे. त्याने १४८९ मध्ये नगराला आपल्या चिन्हावर मुकुट वापरण्याची अनुज्ञा दिली होती. प्रिन्सेनग्राख्त ऑरेंजच्या राजपुत्रावरून आले. हेरेनग्राख्त हा 'हेरेन'चा, म्हणजे नगराचा कारभार चालविणाऱ्या कुलीन व्यापाऱ्यांचा. ह्या मंडळींनी सम्राटाला व राजपुत्राला मागे ठेवून आपला कालवा नगराच्या गाभ्याशी ठेवला, असे एक चुरचुरीत स्पष्टीकरण फेरीत ऐकावयास मिळते. ते ऐकून श्रोते हसतात, पण तिघांत रुंद कालवा सम्राटाच्या नावाचा आहे, ह्याचा त्यात विचार नसतो.

'हेरेन' ह्या शब्दाला मराठीत 'धनी' हा सर्वांत जवळचा प्रतिशब्द वाटतो, कारण आदर, सत्ता आणि मालकी हे तिन्ही अर्थ त्यात आहेत. क्लोव्हेनीर्सबुर्गवालच्या काठी डच पूर्व भारत कंपनीची सतराव्या शतकाच्या आरंभीची वास्तू उभी आहे. आज ती ॲम्स्टरडॅम विद्यापीठाकडे आहे. तेथे कंपनीचे जे संचालक जमत त्यांना 'हेरेन झेव्हेन्टीन', म्हणजे 'सतरा धनी', म्हणत. मराठी कागदपत्रांतील 'वलंदेज' ते ह्यांचेच लोक. हा शब्द आपणांकडे पोर्तुगीज 'ओलांदेश'वरून आला, डचांच्या तोंडून नव्हे. म्हणजे वेंगुर्ल्यास वखार घालून बसलेल्या ह्या लोकांना आपण त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी दिलेल्या नावाने ओळखत होतो. पश्चिम भारत कंपनीचा वाडा हेरेनमार्क्टपाशी आहे. तिचा व्यापार साखर, सोने आणि माणसे ह्यांचा होता.

ह्या माणसांच्या संदर्भात हेरेनग्राख्तच्या ज्या वळणावर नौका नेहमी मंदावते, ते 'सोनेरी वळण', थोडे बारकाईने पाहावे लागते. येथील भूखंड जोडीने घेतलेले, म्हणून घरे इतरत्र दिसतात त्यापेक्षा दुप्पट रुंद. क्रमांक ५०२ चे घर १६७२ साली पाउलस गोडिन ह्याच्यासाठी बांधले गेले आणि १९२७ पासून ते नगराध्यक्षाचे अधिकृत निवासस्थान आहे. गोडिन हा पश्चिम भारत कंपनीचा व सुरिनाम सोसायटीचा संचालक होता. ही सोसायटी १६८३ मध्ये स्थापन झाली. तिच्या मालकीचे तीन समान वाटे होते : एक कंपनीचा, एक सोमेल्सडाइक घराण्याचा आणि तिसरा प्रत्यक्ष ॲम्स्टरडॅम नगराचा. गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या वसाहतीचे हे नगर केवळ गिऱ्हाईक नव्हते, तर भागीदार होते. घरासमोर आता ह्याची नोंद करणारी शिला आहे. नगराच्या आज्ञेने झालेल्या संशोधनाचा ग्रंथ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि १ जुलै २०२१ रोजी नगराध्यक्ष फेम्के हाल्सेमा ह्यांनी नगराच्या वतीने क्षमा मागितली. त्यापूर्वी, २०१९ साली, ॲम्स्टरडॅमच्या नगर-संग्रहालयाने सतराव्या शतकास 'सुवर्णयुग' म्हणणे सोडले, आणि त्यावरून बराच वाद झाला. अलीकडे ह्या इतिहासावर भर देणाऱ्या वेगळ्या जलफेऱ्याही निघू लागल्या आहेत.

भाषेच्या अभ्यासकाला ह्यात एक बाब विशेष जाणवते. 'हेरेन' हा शब्द कालव्याला, बाजाराला आणि मंडळाला लागून टिकला. त्यांच्या ताब्यातील माणसांची नावे मात्र टिकली नाहीत. बंगाल, कोरोमंडल व मलबार किनाऱ्यांवरून पूर्व भारत कंपनीच्या जहाजांनी नेलेले गुलाम दक्षिण आफ्रिकेतील केपच्या दप्तरांत 'व्हान बेंगालेन', 'व्हान मालाबार' असे, म्हणजे 'बंगालचा', 'मलबारचा' असे नोंदलेले आहेत. आईबापांनी ठेवलेले नाव गेले, आणि प्रदेशाचे नाव तेवढे आडनावासारखे मागे लागले. सुरिनाममध्ये गुलामी १ जुलै १८६३ रोजी कायद्याने संपली. भरपाई मिळाली ती धन्यांना, दर गुलामामागे ३०० गिल्डर. मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर राबावे लागले. ती मुदत सरत आली तेव्हा, १८७३ मध्ये, कलकत्त्याहून गिरमिटिया मजुरांचे पहिले जहाज तेथे पोहोचले. त्यांच्या भोजपुरी-अवधी बोलींतून घडलेली सरनामी भाषा आज नेदरलँड्समध्येही बोलली जाते.

प्रिन्सेनग्राख्तच्या पलीकडे योर्डान हा भाग लागतो. त्याच्या गल्ल्या मुख्य कालव्यांना तिरप्या आहेत, कारण तेथे नवी आखणी न करता शेतांमधले जुने चरच रुंद करण्यात आले. नकाशावर ही तिरकी रेघ पाहिली की पैसा कोठे खर्च केला व कोठे वाचविला हे कळते. 'योर्डान' हे नाव फ्रेंच 'जार्दं' (बाग) ह्यावरून आले, असे मार्गदर्शक हमखास सांगतात. येथे फ्रान्समधून आलेले धर्मनिर्वासित राहत आणि कालव्यांना गुलाब, लिंडेन, लॉरेल अशी वनस्पतींची नावे आहेत, असा आधार दिला जातो. व्युत्पत्ती गोड आहे. पण प्रिन्सेनग्राख्तलाच थट्टेने 'जॉर्डन नदी' म्हणत असावेत, असाही एक तर्क आहे, आणि बायबल मुखोद्गत असलेल्या लोकांत तो अशक्य मानता येत नाही. जी व्युत्पत्ती ऐकताच पटते तिच्याविषयी अधिक सावध राहावे, हा आपल्या शास्त्रातील जुना अनुभव आहे. शिवाय येथील सगळी नावे बागेची नाहीत. 'लोयर्सग्राख्त' म्हणजे चर्मकारांचा, कातडी कमावणाऱ्यांचा कालवा. येथे वास फुलांचा नव्हता.

एकोणिसाव्या शतकात दुर्गंधी, रोगराई आणि वाहनांची वाढ ह्यांमुळे अनेक कालवे बुजविण्यात आले : पश्चिमेकडील व्होरबुर्गवाल १८८४ मध्ये, रोझेनग्राख्त १८८९ मध्ये, एलांट्सग्राख्त १८९१ मध्ये. आज तेथे ट्राम धावते किंवा गाड्या उभ्या राहतात, पण नावातला 'ग्राख्त' गेलेला नाही. मुंबईच्या धोबी तलावात जसे पाणी नाही, तसेच हे. ह्या रस्त्यांवरून नौका जात नसल्याने ते फेरीत येत नाहीत. लिंडेनग्राख्तचे उदाहरण तर आवर्जून सांगण्यासारखे आहे. तेथे 'ईल ओढण्याचा' एक क्रूर खेळ चाले. कालव्यावर आडव्या बांधलेल्या दोरीला जिवंत ईल मासा लटकवून होडीतल्या माणसाने तो खेचून काढावयाचा. त्यास बंदी होती. २५ जुलै १८८६ रोजी पोलिसांनी ती दोरी कापली आणि त्यातून दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी सैन्याने गोळीबार केला व एकूण २६ माणसे मेली. एका माशावरून एवढे लोक मरत नाहीत. दाटीची घरे, बेकारी आणि पोलिसांविषयीचा रोष ह्यांची पार्श्वभूमी त्याला होती. लिंडेनग्राख्तही १८९५ मध्ये बुजविला गेला.

शेवटी पुन्हा 'आख्तर' ह्या शब्दाकडे यावयाचे आहे. कालव्यावरचे भूखंड अरुंद व खोल असत. त्यामुळे घराचे पुढचे व मागचे असे दोन भाग करून मध्ये उजेडासाठी चौक सोडण्याची पद्धत पडली. पुढचा भाग 'व्होरहाउस', मागचा 'आख्तरहाउस'. प्रिन्सेनग्राख्त २६३ हे अशा प्रकारचे घर १६३५ मध्ये बांधलेले असून त्याचा मागचा भाग १७४० च्या सुमारास पुन्हा बांधण्यात आला. डिसेंबर १९४० मध्ये ऑटो फ्रांक ह्याचा व्यवसाय तेथे आला, आणि ६ जुलै १९४२ पासून त्याचे कुटुंब त्या मागच्या भागात लपून राहिले. पुढे आणखी चौघे येऊन मिळाले. ४ ऑगस्ट १९४४ रोजी त्या आठही जणांना पकडण्यात आले. छळछावण्यांतून एकटा ऑटो परतला. नौका ह्या घरापाशी येते तेव्हा सर्वजण मान वळवून पाहतात, पण पाण्यावरून दिसते ते व्होरहाउस. ज्या खोल्यांत ती आठ माणसे राहिली त्या कालव्यावरून दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणूनच दोन वर्षे तेथे राहणे शक्य झाले. आन फ्रांकने आपल्या लेखनासाठी योजिलेले नाव 'हेट आख्तरहाउस' असेच होते, आणि १९४७ मध्ये ते पुस्तक त्याच नावाने प्रसिद्ध झाले. इंग्रजी भाषांतर १९५२ मध्ये 'एका तरुण मुलीची दैनंदिनी' अशा अर्थाच्या शीर्षकाने निघाले आणि जगभर तेच रूढ झाले. त्या शीर्षकात घराच्या मागच्या बाजूचा उल्लेख राहिला नाही.